ओव्यांच्या आधाराने तगलेले पुराण

मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्यांमुळे फादर थॉमस स्टीफन्स हे नाव मराठी वाचकांना परिचित आहे. मात्र त्या ओव्या ज्या ग्रंथातील आहेत, त्या ‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्या तीनही आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज सापडत नाही, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १६१६, १६४९ आणि १६५४ अशी तीनदा छापली गेलेली ही रचना टिकली ती हाताने नकलून घेणाऱ्या आणि घराघरांत गाणाऱ्या माणसांमुळे.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन गावी झाला. एलिझाबेथ राणीच्या राजवटीत कॅथलिकांना स्वदेशात थारा नव्हता. ते रोमला गेले, १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले आणि एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोहोचले. भारतात स्थायिक झालेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते. ईस्ट इंडिया कंपनीच्या स्थापनेला तेव्हा २१ वर्षे अवकाश होता.

त्यांच्या वाट्याला आलेली साष्टी शांत नव्हती. १५६७ मध्ये तेथील देवळे पाडली गेली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले. त्यांचे मृतदेह मिळवून दफन करण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. पुढे वाटाघाटीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेल्या कुंकळ्ळीच्या गावकारांना पोर्तुगीजांनी ठार केले. त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते, असे निरीक्षण नोंदवले. युरोपीय भाषाशास्त्राला हे साम्य उमगायला पुढे दोन शतके लागली. वर्ष सरत आले असताना राल्फ फिच आणि जॉन न्यूबेरी हे इंग्रज प्रवासी गोव्यात कैद झाले. त्यांची सुटका व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत स्टीफन्सही होते.

ग्रंथाची प्रेरणा स्वतः कवीनेच आरंभी सांगितली आहे. धर्मांतरितांच्या जुन्या पोथ्या काढून घेण्यात आल्या होत्या. साष्टीतल्या एका चर्चमध्ये प्रश्नोत्तरांच्या वेळी एका ब्राह्मणाने पाद्रीगुरूंपुढे गाऱ्हाणे मांडले, की मनाला विरंगुळा म्हणून वाचावे असे पुराण आता आपल्यापाशी उरलेले नाही. ही मागणी भाबडी मुळीच नाही. धर्म बदलला तरी पुराण ऐकण्याची सवय सुटलेली नव्हती, आणि ती सोडण्याची त्या लोकांची तयारीही नव्हती. स्टीफन्स यांनी उत्तरादाखल जवळपास अकरा हजार ओव्या रचल्या. जगाच्या निर्मितीपासून ख्रिस्ताच्या जीवनापर्यंतची कथा त्यांनी ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात बसवली; स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्दही त्यांना चालला. ज्या संघाचा मूर्तिभंजनाला पाठिंबा होता, त्याच संघातील धर्मगुरूने हे करावे, हा विरोधाभास झाकण्याचे कारण नाही. त्या काळच्या साष्टीत दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत होत्या.

१६१९ मध्ये स्टीफन्स यांचे निधन झाले. त्यांचे कोकणी भाषेचे व्याकरण रायतूर येथे १६४० मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर २१ वर्षांनी छापले गेले. पुढे वारे फिरले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घालणारे फर्मान काढले. छापील प्रती नाहीशा झाल्या, पण कानडा प्रांतात गेलेल्या गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते सोबत नेली होती. सणासुदीला, उपवासकाळात ओव्या गायल्या जात. एका पिढीची वही जीर्ण झाली की पुढची पिढी नवी नक्कल करी. टिपूच्या काळात, १७८४ नंतर, श्रीरंगपट्टणात बंदिवासात असलेल्यांनीही याच ओव्यांचा आधार घेतला, असे मंगळूरच्या ख्रिस्ती समाजात परंपरेने सांगितले जाते.

अशा वह्या जमवून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून रोमन लिपीत ग्रंथ प्रसिद्ध केला. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती निघाली आणि सर्वसामान्य मराठी वाचकाला तो आपल्या लिपीत वाचता आला. दरम्यान, १९२० च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांना लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित आढळले होते. त्यात मंगळूरच्या वह्यांमधल्या अनेक पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आहेत. मूळ संहितेला यातली कोणती जवळची, यावर अभ्यासकांचे अद्याप एकमत नाही.