कै. पालवणकर बाळू : क्रीडांगण आणि भायखळा-परळ मतदारसंघ

आपल्या चर्मकार समाजातील ज्या पुरुषांची कीर्ती परदेशापर्यंत पोहोचली, त्यांत कै. पालवणकर बाळू यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या क्रिकेटमधील पराक्रमाच्या हकिकती आपल्या घराघरांतून अभिमानाने सांगितल्या जातात. परंतु १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघातून ते उभे राहिले व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडून पराभूत झाले, हा प्रसंग आपण एक तर गाळतो, नाही तर आवाज खाली करून सांगतो. तसे करण्याचे काही कारण नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. म्हणून या थोर पुरुषाचे चरित्र येथे सलग मांडण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. वडील फौजेच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंबाचे वास्तव्य पुढे पुण्यास झाले. बाळू, शिवराम, गणपत व विठ्ठल हे चौघेही बंधू क्रिकेटमध्ये नावारूपास आले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर त्यांनी खेळाचे पहिले धडे गिरविले. घरच्या गरिबीमुळे बाळूंना लहान वयातच पारशी क्लबच्या मैदानावर झाडलोट करण्याची व रोलर फिरविण्याची चाकरी धरावी लागली. पगार दरमहा ३ रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात त्यांना ४ रुपयांची नोकरी मिळाली. तेथे सरावाच्या वेळी साहेब मंडळींना चेंडू टाकणे हेही त्यांच्याकडे आले. ग्रेग नावाचे नामांकित इंग्रज फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करीत आणि आपणांस बाद केल्यास दर खेपेस आठ आणे देत, असे सांगतात. डावखुऱ्या बाळूंची फिरकी गोलंदाजी अशी साहेबांच्याच मैदानावर घडली. मात्र त्यांच्या हाती तेथे कोणी बॅट दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता. चेंडू टाकणे हे नोकराचे काम.

हा गडी आपल्या संघात असावा असे पुण्यातील हिंदू खेळाडूंना वाटू लागले, तेव्हा त्याच्या जातीचा प्रश्न उभा राहिला. वादविवाद होऊन अखेर बाळूंना घेण्यात आले. पण मैदानावर ज्या हातातील चेंडू सर्वांना चालत होता, तोच हात मैदानाबाहेर अस्पृश्य ठरत असे. इतर खेळाडू आत चहा घेत असता बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. तोंड धुण्याचे पाणीही अस्पृश्य गड्याच्याच हातून येई. जेवणाचे पान वेगळे मांडले जाई.

१८९६ साली प्लेगची साथ आली व त्या सुमारास बाळू मुंबईस आले. तेथे ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, तेव्हा दोन्ही डावांत मिळून ८ गडी बाळूंनी बाद केले होते. राज्यकर्त्यांवर मिळविलेल्या त्या विजयाने साऱ्या मुंबईत आनंद पसरला. एकत्र चहा न घेणारे लोकही त्या दिवशी बाळूंच्या नावाचा जयजयकार करीत होते.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला; परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. ते परतल्यावर अस्पृश्य समाजातर्फे मुंबईत त्यांचा सत्कार झाला. त्या प्रसंगीच्या मानपत्रामागे एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या एका विशीतील विद्यार्थ्याचा हात होता, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. त्या काळी आपल्या सर्व अस्पृश्य तरुणांसमोर जो आदर्श होता तो बाळूंचा होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

एवढे कर्तृत्व असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधी लाभले नाही. १९२० साली चौरंगी सामन्यांच्या वेळी नेतृत्वासाठी पालवणकर बंधूंना डावलण्यात आले. तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली बाजू वृत्तपत्रांतून जनतेपुढे मांडली. लोकमताचा दाब पडून बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. पुढे १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले व त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाने सोसले त्याचे फळ धाकट्याच्या पदरात पडले.

आता राजकारणाकडे वळू. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ जाहीर केले. महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले व २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. बाबासाहेबांप्रमाणेच बाळूंचीही त्या करारावर सही आहे. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्याऐवजी संयुक्त मतदारसंघात प्रांतिक विधिमंडळांच्या १४८ जागा राखीव झाल्या. त्यांपैकी १५ मुंबई प्रांताच्या वाट्यास आल्या. बाळूंचा कल प्रथमपासून संयुक्त मतदारसंघाकडे होता. एकाच संघात खेळून, अपमान गिळून, आतून दार उघडावयाचे, हेच ज्याने जन्मभर केले त्याला तो मार्ग पटावा, यात नवल नाही. बाबासाहेबांचा अनुभव व अभ्यास त्यांना दुसऱ्या मार्गाने घेऊन गेला.

१९३५ च्या कायद्याने मुंबई विधानसभेच्या १७५ जागा ठरल्या. त्यांत मुंबई शहर (भायखळा व परळ) हा मतदारसंघ होता व त्यात अस्पृश्यांसाठी राखीव जागा होती. गिरण्यांचा, चाळींचा व मजुरांचा हा भाग. बाबासाहेबांनी परळच्याच चाळीत अनेक वर्षे काढली होती. १९३६ साली स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते येथून उभे राहिले आणि काँग्रेसने त्यांच्यासमोर बाळूंना उभे केले. बाळूंचे वय तेव्हा साठीच्या घरात होते. पूर्वी नगरपालिकेच्या निवडणुकीत हिंदू महासभेतर्फे उभे राहून ते हरले होते, आणि या वेळीही ते फारशा उत्सुकतेने उभे राहिले नव्हते. १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मते पडली. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदारास असत व ती सर्व एकाच उमेदवारास देता येत. म्हणून हे आकडे मतांचे आहेत, माणसांचे नव्हेत. तरीही लढत किती चुरशीची झाली हे त्यावरून कळते.

या निकालाचे फळ काय झाले? मुंबई प्रांताच्या १५ राखीव जागांपैकी ११ जागा स्वतंत्र मजूर पक्षास मिळाल्या. त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी बाबासाहेबांनी विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आपल्यापैकी ज्यांची मुळे कोकणात आहेत, त्यांच्या वाडवडिलांनी खोताची वेठ उपसली आहे. तेव्हा भायखळा-परळच्या मतदारांनी जो प्रतिनिधी निवडला तो आपल्याही कामी आला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. आणि ते मान्य केल्याने बाळूंच्या थोरवीस उणेपणा येत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९३५ च्या कायद्याचे मतदारसंघ रद्द झाले. १९५२ ची निवडणूक प्रौढ मताधिकाराने व नव्या रचनेप्रमाणे झाली. भायखळा हे नाव पुढील मतदारसंघांच्या यादीत आले, पण तो जुना जोड मतदारसंघ इतिहासजमा झाला. मात्र राज्यघटनेने जी व्यवस्था ठेवली तीत मतदार संयुक्त आहेत आणि जागा राखीव आहेत. एकमेकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या या दोन पुरुषांच्या सह्या ज्या करारावर होत्या, त्याचाच हा गाभा होय.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईस बाळूंचे देहावसान झाले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ गडी, एवढी नोंद त्यांच्या नावावर आहे. धाकटे बंधू विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहून त्या काळाची साक्ष मागे ठेवली आहे.

समाजबांधवांस एवढीच विनंती आहे की, मुलांना बाळूंची कथा सांगताना १९०६ चा विजय सांगावा, मातीच्या भांड्यातील चहा सांगावा, आणि १९३७ चा पराभवही सांगावा. समाजात आजही मते अनेक आहेत, पक्ष अनेक आहेत व त्यावरून एकाच घरात अबोला धरला जातो. मानपत्राशी ज्यांचे नाव जोडले जाते ते बाबासाहेब आणि ते स्वीकारणारे बाळू पुढे एकाच जागेसाठी परस्परांविरुद्ध उभे राहिले, तरी दोघेही आपलेच होते. एवढे मुलांच्या ध्यानी आले तर हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.