रुपयाची किंमत कोण मोजतो? अर्थतज्ज्ञ बाबासाहेबांची ओळख

दरवर्षी एप्रिल आणि डिसेंबर महिन्यात आपल्या सगळ्यांच्या फोनवर एक संदेश येतो : रिझर्व्ह बँकेची स्थापना बाबासाहेबांनी केली. आम्हीही तो अनेकदा पुढे पाठवला आहे. दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या अभ्यासवर्गात बारावीच्या एका मुलीने विचारले, स्थापना केली म्हणजे नेमके काय केले? आम्हाला धड उत्तर देता आले नाही. समाजशास्त्रात एम.ए. करूनही आम्ही 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे पुस्तक कधी उघडले नव्हते. त्या दिवसानंतर ते वाचायला घेतले. त्या वाचनातून समोर आलेले बाबासाहेब या संदेशातल्या बाबासाहेबांपेक्षा कितीतरी मोठे आहेत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे सेलिग्मन या नामवंत प्राध्यापकाच्या हाताखाली त्यांनी सरकारी वित्तव्यवस्थेचा अभ्यास केला. १९१५ च्या एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची वित्तव्यवस्था हा विषय घेतला होता. राज्यकर्ता पैसा कुठून आणतो आणि कुणावर खर्च करतो, हा प्रश्न त्यांनी तरुणपणीच हातात घेतला.

१९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. पहिले महायुद्ध सुरू होते. त्यांच्या पुस्तकांचे सामान असलेले जहाज टॉर्पेडोने बुडाले. बडोद्यात नोकरी मिळाली, पण राहायला घर मिळाले नाही. पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढले गेले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. चलनाच्या प्रश्नावर लिहिणारा हा विद्यार्थी स्वतः एकेक शिलिंग मोजून राहत होता, हे आपण विसरू नये.

प्रबंधाचा विषय होता भारताचा रुपया. त्या काळी रुपया चांदीचा होता आणि इंग्लंडचा पौंड सोन्याचा. १८७० नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली, तशी रुपयाची किंमतही घसरली. भारत सरकारला दरवर्षी लंडनला पेन्शन, व्याज आणि इतर खर्चापोटी पौंडात रक्कम द्यावी लागे. रुपया घसरला की तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये लागत आणि त्याचा भार इथल्या करदात्यांवर पडे. म्हणून १८९३ मध्ये सरकारने लोकांसाठी टाकसाळी बंद केल्या. त्याआधी कुणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. आता किती रुपये पाडायचे हे फक्त सरकार ठरवणार होते. रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स, म्हणजे सोळा पेन्स ठरला आणि तो टिकवण्यासाठी सोन्याचा साठा लंडनमध्ये ठेवला गेला. या पद्धतीला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात तिची भलामण केली होती.

तिशीतल्या बाबासाहेबांनी या पद्धतीवरच बोट ठेवले. त्यांचा मुद्दा सरळ होता. पैसा पाडण्याची मोकळीक ज्याच्या हाती, त्याच्या हाती महागाईही असते. देशात विकायला माल तेवढाच असेल आणि रुपये वाढत गेले, तर प्रत्येक रुपयात कमी धान्य येते. त्यात आणखी एक गोम त्यांनी दाखवली. रुपये पाडण्यातून सरकारला होणारा नफा त्याच सोन्याच्या साठ्यात जमा होई. म्हणजे साठा फुगलेला दिसला तरी त्याचे कारण जास्त रुपये पाडले गेले हेच असे. ज्या आधारावर चलन उभे, तो आधारच चलन वाढवून तयार होत होता.

ही टीका कडक होती. परीक्षकांनी प्रबंध पुन्हा लिहायला सांगितला. जवळचे पैसे संपत आले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेब मुंबईला परतले आणि सुधारलेला प्रबंध इथूनच पाठवला. त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली आणि पुस्तकही लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांना त्यातली बरीच मते मान्य नव्हती, तरी प्रस्तावना त्यांनीच लिहिली.

यानंतरचा प्रसंग आपल्या चळवळीने नीट समजून घ्यायला हवा. १९२५ मध्ये भारतीय चलनाच्या चौकशीसाठी हिल्टन यंग आयोग आला. रुपया सोळा पेन्सांचा की अठरा पेन्सांचा, यावर देशात रान पेटले होते. गिरणीमालक आणि निर्यातदार सोळा पेन्स मागत होते. हिशोब सोपा आहे. लंडनमध्ये दहा पौंडांना विकलेल्या मालाचे सोळा पेन्सांच्या भावाने १५० रुपये होतात, अठराच्या भावाने सुमारे १३३. स्वस्त रुपयात व्यापाऱ्याच्या हाती जास्त रुपये पडतात. या मागणीला राष्ट्रहिताची मागणी म्हटले जात होते.

डिसेंबर १९२५ मध्ये बाबासाहेबांनी आयोगापुढे साक्ष दिली. स्वस्त रुपयातून मिळणारा फायदा आकाशातून पडत नाही, हा त्यांच्या अर्थविचाराचा गाभा होता. रुपया स्वस्त झाला की देशात वस्तू महाग होतात, पण मजुरी त्या वेगाने वाढत नाही. मालकाचा माल चढ्या भावाने विकला जातो आणि मजूर जुन्याच रोजावर राबतो. म्हणजे हा राष्ट्राचा नफा नसतो. एका वर्गाच्या खिशातून तो दुसऱ्या वर्गाच्या खिशात गेलेला असतो. म्हणून भाव ठरवताना व्यापारी वर्गाबरोबर कमावून खाणाऱ्या वर्गाचाही विचार करा, आणि परदेशी विनिमय दरापेक्षा देशातल्या किमती स्थिर राहण्याला महत्त्व द्या, असा त्यांचा आग्रह होता. उपायही त्यांनी मांडला. रुपये पाडण्याची टाकसाळ लोकांसारखीच सरकारलाही पूर्ण बंद करा, सोन्याचे नाणे सुरू करा, आणि दोघांचे प्रमाण कायद्याने ठरवा.

आयोगाने हा उपाय स्वीकारला नाही. दर अठरा पेन्स ठरला, सोन्याच्या नाण्याऐवजी सोन्याच्या लगडींवर आधारलेली पद्धत सुचवली गेली, आणि चलन व पतपुरवठा सांभाळणारी मध्यवर्ती बँक असावी अशी शिफारस झाली. त्या शिफारशीतून पुढे १९३४ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे : बाबासाहेबांनी बँक स्थापन केली नाही. पण ज्या चौकशीतून ती जन्मली, त्या चौकशीत मजुराच्या पोटाचा हिशोब मांडणारा आवाज त्यांचा होता. आम्हाला हे उत्तर फोनवरच्या संदेशापेक्षा जास्त अभिमानाचे वाटते. खोट्या श्रेयाची बाबासाहेबांना गरज नाही.

किमती स्थिर असल्या तरी गरिबाला भांडवल मिळेलच असे नाही, हेही त्यांना ठाऊक होते. लहान शेतीवरच्या १९१८ च्या निबंधात त्यांनी दाखवले की शेत तोट्यात जाते ते केवळ लहान असल्यामुळे नाही. त्या शेताला लागणारी अवजारे आणि भांडवल शेतकऱ्याजवळ नसते. जमिनीवरचा माणसांचा भार कमी करण्यासाठी त्यांनी उद्योगवाढीचा मार्ग सांगितला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये तर शेतीला आणि उद्योगाला भांडवल पुरवणे ही राज्याची जबाबदारी मानली. त्याच वर्षी रुपयावरचा ग्रंथ नव्या नावाने पुन्हा निघाला. पुढचा खंड लिहिण्याचा त्यांचा मानस होता, पण मग संविधानाचे काम आले, हिंदू कोड बिल आले, १९५६ मध्ये नागपूरची दीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. तो खंड राहून गेला.

त्यांचा सोन्याचा उपाय आज कुणी वापरणार नाही. इंग्लंडनेच १९३१ मध्ये सोने सोडले. चलनाचे हात पूर्ण बांधले तर संकटात बाजारातला पैसा आटतो आणि उद्योग ठप्प होतात, पहिला काम गमावतो तो आपलाच माणूस. ही बाजूही आपण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पण त्यांचा प्रश्न जिवंत आहे. २०१६ पासून महागाई चार टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचे उद्दिष्ट कायद्यातच आले, म्हणजे पैशावर सत्ता असलेल्याला नियम हवा हे आज मान्य झाले आहे. आम्ही ज्या बचतगटांसोबत काम करतो तिथे मात्र रेपो दर कमी झाल्याची बातमी येते आणि जाते, बायांच्या आठवड्याच्या हप्त्यात काही फरक पडत नाही. स्वस्त कर्ज मोठ्या उद्योगाच्या दारात थांबते, आमच्या गल्लीत महागडे कर्जच पोहोचते.

म्हणून तरुण मित्रांना एक विनंती. या जयंतीला डीजेचा खर्च थोडा कमी करून विहारात या पुस्तकाचे वाचन ठेवा. महिन्यातून एक प्रकरण पुरे. सोबत वस्तीतल्या दहा घरांची मजुरी, किराणा आणि कर्जाचा हप्ता वहीत लिहून काढा. पतधोरणाची पुढची बातमी येईल तेव्हा ती वही उघडा आणि विचारा, यात आपल्या माणसाच्या वाट्याला काय आले? बाबासाहेबांनी १९२५ साली आयोगापुढे हाच हिशोब मांडला होता.

जय भीम!