केन माइल्स

केनेथ हेन्री जार्व्हिस माइल्स तथा केन माइल्स (१ नोव्हेंबर, १९१८ - १७ ऑगस्ट, १९६६) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले मोटार शर्यतपटू, यंत्रज्ञ व चाचणी-चालक होते. त्यांची कारकीर्द प्रामुख्याने अमेरिकेत घडली. शेल्बी अमेरिकन या कंपनीत असताना शेल्बी कोब्रा, फोर्ड जी.टी.४० आणि फोर्ड मस्टँगवर आधारित शेल्बी जी.टी.३५० या मोटारींच्या विकासात त्यांचा मोठा वाटा होता. यांपैकी जी.टी.३५० ही अमेरिकन ‘मसल कार’ परंपरेतील महत्त्वाची मोटार मानली जाते. १९६६ साली डेटोना आणि सेब्रिंग येथील शर्यती जिंकल्यानंतर ल मान्स येथील विजेतेपद त्यांना अगदी थोडक्यात हुकले. त्यानंतर दोन महिन्यांतच एका चाचणीदरम्यान त्यांचा मृत्यू झाला.

== प्रारंभिक जीवन ==
माइल्स यांचा जन्म बर्मिंगहॅमजवळील सटन कोल्डफील्ड येथे झाला. तरुणपणी त्यांनी वुल्झली या मोटार कंपनीत उमेदवारी केली. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश सैन्यात रणगाड्यांच्या विभागात होते. युद्धानंतर त्यांनी इंग्लंडमध्ये बुगाटी, अल्फा रोमिओ अशा जुन्या मोटारींच्या शर्यतींत भाग घेतला. पुढे ते फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवलेली फ्रेझर नॅश मोटार चालवू लागले. हलक्या युरोपीय सांगाड्यात दमदार अमेरिकन इंजिन बसवण्याची ही कल्पना त्यांच्या पुढील कारकिर्दीतही वारंवार दिसते.

== अमेरिकेतील कारकीर्द ==
१९५२ साली माइल्स कॅलिफोर्नियात आले आणि तेथील एम.जी. मोटारींच्या वितरकाकडे सेवा-व्यवस्थापक म्हणून काम करू लागले. एम.जी.चे भाग वापरून त्यांनी स्वतः बांधलेल्या ‘आर-१’ या मोटारीने १९५३ साली सलग १४ शर्यती जिंकल्या. पुढे त्यांनी कूपरच्या सांगाड्यात पोर्शेचे इंजिन बसवून आणखी एक यशस्वी मोटार तयार केली. मोटार स्वतः बांधणे, स्वतः चालवणे आणि शर्यतीत आढळलेला दोष स्वतःच दूर करणे ही त्यांची कार्यपद्धती होती. त्यांचा स्वतःचा व्यवसाय मात्र आर्थिक अडचणींमुळे फार काळ टिकला नाही. १९६३ साली ते कॅरल शेल्बी यांच्या शेल्बी अमेरिकन कंपनीत दाखल झाले.

== शेल्बी जी.टी.३५० ==
फोर्डने एप्रिल १९६४ मध्ये बाजारात आणलेली मस्टँग अल्पावधीत लोकप्रिय झाली. परंतु शर्यतीची मोटार म्हणून तिला मान्यता नव्हती. ती उणीव भरून काढण्याचे काम शेल्बी यांच्याकडे आले. अमेरिकेतील हौशी शर्यतींच्या संघटनेच्या नियमांनुसार मोटार दोन आसनी असणे आवश्यक असल्याने मस्टँगचे मागील आसन काढण्यात आले. ४.७ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची शक्ती २७१ अश्वशक्तीवरून ३०६ अश्वशक्तीपर्यंत वाढवण्यात आली.

केवळ इंजिनाची शक्ती वाढवून मोटार वळणांवर स्थिर राहत नाही. मस्टँगचे पुढील बाजूचे वजन अधिक असल्याने ती वेगात वळवणे अवघड होते. माइल्स व बॉब बाँड्युरंट यांनी कॅलिफोर्नियातील विलो स्प्रिंग्ज येथे घेतलेल्या चाचण्यांतून तिच्या सस्पेन्शनमध्ये बदल निश्चित झाले. पुढील चाकांच्या वरच्या नियंत्रण-भुजांची जागा सुमारे एक इंचाने खाली आणल्यामुळे वळणावर टायरची रस्त्यावरील पकड सुधारली. मागील आसावर बसवलेल्या जोड-दांड्यांमुळे जोराने वेग वाढवताना आस पिळला जाणे कमी झाले.

१४ फेब्रुवारी, १९६५ रोजी टेक्सासमधील ग्रीन व्हॅली येथे माइल्स यांनी ‘५आर००२’ या क्रमांकाची शर्यतीची जी.टी.३५० चालवून या मोटारीला तिचा पहिला विजय मिळवून दिला. तेथील एका उंचवट्यावर मोटार हवेत उडाल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि तिला ‘उडती मस्टँग’ हे नाव मिळाले. १९६५ ते १९६७ अशी सलग तीन वर्षे जी.टी.३५० ने आपल्या गटाचे राष्ट्रीय विजेतेपद राखले. १९६५ या वर्षी सर्व प्रकार मिळून केवळ ५६२ जी.टी.३५० तयार झाल्या.

== फोर्ड जी.टी.४० आणि १९६६ चा हंगाम ==
ग्रीन व्हॅलीतील विजयानंतर दोनच आठवड्यांनी माइल्स यांनी लॉइड रुबी यांच्या साथीने डेटोना येथील २,००० किलोमीटरची शर्यत जिंकली. जी.टी.४० चा हा पहिला मोठा विजय होता. १९६६ साली याच जोडीने डेटोना येथील २४ तासांची आणि सेब्रिंग येथील १२ तासांची शर्यत जिंकली.

जून १९६६ मध्ये ल मान्स येथील २४ तासांच्या शर्यतीत विमान अपघातात जखमी झालेल्या रुबी यांच्या जागी डेनी हुल्म हे माइल्स यांचे जोडीदार होते. ही शर्यत त्याआधी सलग सहा वर्षे फेरारीच्या मोटारींनी जिंकली होती. यावेळी शेवटच्या टप्प्यात फोर्डच्या तीन मोटारी आघाडीवर होत्या आणि माइल्स पहिल्या स्थानावर होते. तिन्ही मोटारींनी एकत्र अंतिम रेषा ओलांडावी, असा निर्णय फोर्डच्या अधिकाऱ्यांनी घेतला. त्यानुसार माइल्स यांनी आपला वेग कमी केला. मात्र ब्रूस मॅकलॅरन व क्रिस एमन यांची मोटार प्रारंभी मागील जागेवरून सुटली असल्याने तिने अधिक अंतर कापल्याचे मानून आयोजकांनी त्या जोडीला विजेते घोषित केले. एकाच वर्षी डेटोना, सेब्रिंग आणि ल मान्स या तिन्ही शर्यती जिंकण्याचा माइल्स यांचा मान अशा रीतीने हुकला.

== मृत्यू ==
१७ ऑगस्ट, १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड ट्रॅकवर माइल्स फोर्डच्या ‘जे-कार’ची चाचणी घेत होते. अॅल्युमिनियमच्या मधपोळ्यासारख्या पोकळ रचनेच्या पत्र्यांपासून तिचा सांगाडा बनवला होता. लांब सरळ मार्गाच्या शेवटी मोटार अचानक अनियंत्रित होऊन उलटली व तिचे तुकडे झाले. माइल्स बाहेर फेकले जाऊन जागीच मरण पावले. त्यावेळी ते ४७ वर्षांचे होते. अपघाताचे नेमके कारण निश्चित झाले नाही.

या अपघातानंतर मोटारीच्या बाह्य आकारात बदल करण्यात आला आणि चालकाभोवती पोलादी नळ्यांचा संरक्षक पिंजरा बसवण्यात आला. तिच्यापासून विकसित झालेल्या जी.टी.४० मार्क-४ ने १९६७ सालची ल मान्स शर्यत जिंकली. त्याच शर्यतीत मारियो आंद्रेत्ती यांच्या मार्क-४ ला भीषण अपघात झाला. परंतु ते बचावले.

== वारसा ==
२००१ साली माइल्स यांचा समावेश अमेरिकेच्या मोटरस्पोर्ट्स हॉल ऑफ फेममध्ये करण्यात आला. २०१९ सालच्या ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ या चित्रपटात क्रिश्चन बेल यांनी त्यांची भूमिका साकारली.

ग्रीन व्हॅलीत जिंकलेली ‘५आर००२’ शर्यतींतून निवृत्त झाल्यावर अनेक वर्षे मेक्सिकोत विस्मृतीत पडून होती. पुढे तिचा शोध लागला व ती १४ फेब्रुवारी, १९६५ रोजी जशी होती तशा स्वरूपात पुन्हा सिद्ध करण्यात आली. जुलै २०२० मध्ये लिलावात तिला ३८.५ लाख डॉलर किंमत मिळाली. मस्टँगला लिलावात मिळालेली ती तोपर्यंतची सर्वाधिक किंमत होती. ल मान्सच्या विजेत्यांच्या यादीत माइल्स यांचे नाव नाही. त्यांनी चाचण्या घेऊन घडवलेल्या या मोटारीमुळे मात्र त्यांच्या कार्याचा मूर्त पुरावा आजही टिकून आहे.