राष्ट्राध्यक्षांच्या जबड्यातलं गुपित

जुलै १८९३. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जवळजवळ पाच दिवस कुणाला दिसलेच नाहीत. मित्राच्या यॉटवरून सुट्टीला गेलेत, एवढंच सांगितलं गेलं. प्रत्यक्षात 'ओनाइडा' नावाच्या त्या यॉटवर एक खुर्ची डोलकाठीला बांधली होती आणि त्या खुर्चीत बसवून डॉक्टर त्यांचा वरचा जबडा कापत होते.

हे राष्ट्राध्यक्ष म्हणजे ग्रोव्हर क्लीव्हलंड. जन्म १८३७चा, न्यू जर्सीतल्या कॉल्डवेल गावचा. वडील धर्मोपदेशक, घरात नऊ भावंडं. ग्रोव्हर सोळा वर्षांचे असताना वडील गेले आणि कॉलेजचं स्वप्न तिथंच संपलं. अंध मुलांच्या शाळेत नोकरी, मग बफेलो शहरात वकिलाच्या ऑफिसात उमेदवारी करत ते वकील झाले. पुढे शेरीफ, १८८२मध्ये बफेलोचे महापौर, वर्षभरात न्यूयॉर्कचे गव्हर्नर आणि १८८५मध्ये थेट व्हाइट हाउस! १८८८ची निवडणूक हरले, पण १८९२मध्ये पुन्हा निवडून आले.

त्यांची ओळख होती ती प्रामाणिकपणाची. १८८४च्या प्रचारात त्यांना लग्नाशिवाय झालेलं मूल असल्याचा आरोप झाला. समर्थक हादरले. क्लीव्हलंड यांनी मात्र खरं असेल तेच सांगा, असं बजावलं. हाच माणूस नऊ वर्षांनी अख्ख्या देशापासून सत्य लपवणार होता.

दुसऱ्या टर्मच्या सुरुवातीलाच तोंडात टाळूवर एक खरखरीत जागा लागायला लागली. डॉक्टरांनी तुकडा काढून पेशंटचं नाव न सांगता तपासायला पाठवला. रिपोर्ट काळजीचा होता. माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट घशाच्या कॅन्सरने गेले, त्याला तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. त्यात देशात आर्थिक मंदी. बँका बुडत होत्या. सरकारला चांदी खरेदी करायला लावणारा कायदा क्लीव्हलंड यांना रद्द करायचा होता, आणि त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष मात्र चांदीच्या बाजूचे. आजाराची बातमी फुटली तर बाजार कोसळेल, अशी भीती होती. म्हणून समुद्रावरचं ऑपरेशन.

१ जुलैला डॉ. जोसेफ ब्रायंट यांच्या टीमने सगळं काम तोंडातूनच केलं. चेहऱ्यावर एकही कट नाही, मिशीला धक्का नाही. डाव्या वरच्या जबड्याचा मोठा भाग, पाच दात आणि टाळूचा काही भाग काढला. उरलेल्या भोकात नंतर रबराचा कृत्रिम जबडा बसवला, त्यामुळे बोलणं पुन्हा पहिल्यासारखं झालं.

गाठ हाड कसं खाते?

एवढा जबडा का काढावा लागतो? हाड आपल्याला दगडासारखं वाटतं, पण ते जिवंत असतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड विरघळवतात, दुसऱ्या पेशी नवं बांधतात. तोडफोड आणि बांधकाम यांचा हिशोब जुळलेला असतो. जबड्यातल्या काही गाठी हा हिशोब बिघडवतात. गाठ स्वतः हाड चावत नाही. ती रासायनिक संदेश सोडून तोडफोड करणाऱ्या पेशींना कामाला लावते. त्या आम्ल सोडून हाडातलं कॅल्शियम विरघळवतात, एन्झाइम्स उरलेला सांगाडा तोडतात आणि मोकळ्या जागेत गाठ पुढे सरकते.

अमेलोब्लास्टोमा ही अशीच एक गाठ. दाताचं इनॅमल बनवणाऱ्या पेशींशी तिचं नातं. ती कॅन्सर नाही, सहसा शरीरात इतरत्र पसरत नाही. बहुतेकदा दुखतही नाही. पण वाढत राहते, हाड अंड्याच्या कवचाइतकं पातळ करते, दात हलायला लागतात. शिवाय एक्स-रेमध्ये दिसते त्याच्या पुढेही तिच्या पेशी हाडात शिरलेल्या असतात. नुसती खरवडली तर परत येते. म्हणून सर्जन भोवतीचं निरोगी हाडही काढतात.

क्लीव्हलंड यांची गाठ नेमकी कुठली, यावर अनेक दशकं वाद चालला. अमेलोब्लास्टोमाचंही नाव पुढे आलं होतं. गाठीचा तुकडा फिलाडेल्फियाच्या म्यूटर म्युझियममध्ये जपून ठेवला होता. तो नव्याने तपासून १९८०मध्ये निष्कर्ष छापला गेला: व्हेरुकस कार्सिनोमा. म्हणजे कॅन्सरच, पण संथ, आजूबाजूलाच पोखरणारा, क्वचितच लांब पसरणारा. क्लीव्हलंड त्यानंतर १५ वर्षं जगले आणि १९०८मध्ये गेले, तेही कॅन्सरने नाही.

आणि तो रिपोर्टर?

ऑगस्ट १८९३मध्ये ई. जे. एडवर्ड्स या पत्रकाराला ऑपरेशनची कुणकुण लागली. त्याने भूल देणाऱ्या डेंटिस्टला गाठून खात्री केली आणि 'फिलाडेल्फिया प्रेस'मध्ये बातमी छापली. अगदी अचूक. राष्ट्राध्यक्षांच्या माणसांनी ती साफ नाकारली, फक्त दातदुखी होती म्हणून सांगितलं. क्लीव्हलंड ठणठणीत दिसत होते, स्पष्ट बोलत होते. लोकांनी एडवर्ड्सलाच खोटारडा ठरवलं. चांदीचा कायदा नोव्हेंबरमध्ये रद्द झाला. एडवर्ड्सच्या नावावरचा डाग मात्र तसाच राहिला.

ऑपरेशनमध्ये सहभागी असलेल्या डॉ. विल्यम कीन यांनी १९१७मध्ये सगळं जाहीर लिहिलं, तेव्हा एडवर्ड्स सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. बातमी खरी ठरायला २४ वर्षं लागली होती.

देश सावरण्यासाठी बोललेलं खोटं माफ करायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. फक्त ठरवताना त्याची किंमत कुणी मोजली, तेही लक्षात असू द्या.