सुभेदार रामजींची घरातली शाळा

२५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. पिंपरी-चिंचवड, चाकणचे आपण तिथे वंदनेला जातो. बाबासाहेबांच्या घरातल्या शाळेबद्दल मात्र आपण कमी बोलतो.

साताऱ्याच्या शाळेत भीमराव वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटावर बसत. शाळेत उणे पडे ते घरी सुभेदार रामजी भरून काढत. लष्करी शाळेत ते चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून पाठ करून घेतली. पुढे मुंबईला परळच्या चाळीत एकच खोली. भीमराव लवकर झोपत. रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग त्यांना अभ्यासाला उठवून स्वतः आडवे होत. कंपनीत तिसरी पाळी करणाऱ्या आपल्या बापांना या जागरणाचा अर्थ समजावायला नको.

पुस्तकांना पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींच्या घरी जात. कधी उसने पैसे मिळत, कधी दागिना. तो गहाण पडे, पेन्शन आली की सुटे. तुळसा आणि मंजुळा ही नावे आमच्या जयंतीच्या फलकांवर अजून का नाहीत?

घरी एवढे शिकवूनही रामजींनी शाळा सुटू दिली नाही. १९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले.