स्टेलाच्या अर्जातला रकाना

बँकेत असताना मी खाते उघडण्याचे हजारो अर्ज तपासले. ‘स्त्री/पुरुष’ या रकान्याशी माझी पेन्सिल कधी थबकली नाही. निवृत्तीनंतर स्टेला वॉल्शची हकिगत वाचली आणि तो रकाना प्रथमच नीट पाहिला.

स्टेला जन्मली १९११ मध्ये, पोलंडमध्ये. तान्ही असतानाच आईवडिलांबरोबर अमेरिकेत क्लीव्हलँडला आली. तिथेच ती धावायला लागली. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तिला अमेरिकेकडून उतरायचे होते, पण नागरिकत्व नव्हते. त्यातच मंदीत रेल्वेतली नोकरी गेली. न्यूयॉर्कच्या पोलिश वकिलातीने काम देऊ केले आणि ती पोलंडकडून धावली. शंभर मीटर, ११.९ सेकंद, सुवर्णपदक! पोटासाठी माणूस काय काय करतो, हे आम्हा नोकरदारांना कुणी सांगायला नको.

१९३६ साली बर्लिनला अमेरिकेच्या हेलन स्टीफन्सने तिला मागे टाकले. हेलन पुरुष असल्याचा आरोप एका पोलिश वृत्तपत्राने केला. तिची तपासणी आधीच झाली आहे, असे जर्मन अधिकाऱ्यांना जाहीर करावे लागले. स्टेलावर तेव्हा कुणी बोट ठेवले नाही.

४ डिसेंबर १९८० रोजी क्लीव्हलँडमधल्या एका दुकानाच्या आवारात लुटारूंनी तिला गोळी घातली. शवविच्छेदनात तिच्या शरीराची ठेवण पूर्णतः स्त्रीची नसल्याचे आढळले. गुणसूत्रेही संमिश्र निघाली. ती आयुष्यभर समाजात आणि कायद्याने स्त्री म्हणूनच जगली, असा निर्वाळा तपासणी अधिकाऱ्याने दिला. पण तोवर बातमी जगभर झाली होती आणि उत्तर द्यायला ती नव्हती. पदके मात्र तिच्याच नावावर राहिली.

आता हिशेबाची दुसरी बाजू. वयात येताना पुरुषी शरीराला मिळणारे बळ मोठे असते. म्हणूनच तर स्त्रियांची शर्यत वेगळी. तिथे चौथ्या आलेल्या मुलीचे हुकलेले पदक हाही अन्यायच ठरू शकतो. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने २०२३ मध्ये, पुरुष म्हणून वयात आलेल्या ट्रान्सजेंडर स्त्रियांना महिला गटातून वगळले. सप्टेंबर २०२५ पासून जागतिक स्पर्धांसाठी जनुक चाचणी आणली. स्टेला ट्रान्सजेंडर नव्हती. तिचे शरीरच जन्मतः दोन रकान्यांत मावणारे नव्हते. प्रश्न दोन, पण दोघींना अडवणारे दार एकच.

नियम हवा, हे मी मान्य करतो. पण सही जुळली नाही, तर आम्ही खातेदाराला केबिनमध्ये बोलावून शांतपणे विचारत असू. काउंटरवरून ओरडत नसू. खेळाडूलाही निदान तेवढे मिळावे: नियम शर्यतीआधी कळावा, विचारपूस बंद दाराआड व्हावी आणि तिचे म्हणणे ती जिवंत असताना ऐकले जावे.

मराठीत साधे क्रियापदही स्त्री की पुरुष ते विचारते. मी लिहितो: स्टेला धावली.