कांसाचे रान आणि नांगर : सॅम हिगिनबॉटम

ग्वाल्हेरकडील आमच्या वाचकांनी पावसाळा सरता सरता पडीक रानात पांढऱ्या तुऱ्यांचे उंच गवत डोलताना पाहिले असेल. त्यास कांस म्हणतात. दिसावयास ते मनोहर, पण शेतकऱ्याच्या पोटात मात्र ते पाहून गोळा उठतो. दख्खनच्या काळ्या रानात हरळी व कुंदा जो छळ मांडतात, तोच उत्तरेस हे कांस मांडते. वरून कितीही कापा, खोल गेलेल्या मुळ्या पुन्हा फुटतात. अशा रानाशी ज्यांनी झुंज घेतली, त्या एका देवसेवकाचे चरित्र आम्ही या वेळी वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांचे नाव सॅम हिगिनबॉटम.

हिगिनबॉटमसाहेबांचा जन्म इंग्लंडातील मँचेस्टर येथे १८७४ साली झाला. तरुणपणी ते अमेरिकेस गेले. तेथे सुवार्तिक मूडी यांनी काढलेल्या माउंट हर्मन शाळेत व पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. १९०३ साली प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे ते अलाहाबादेस, म्हणजे आजच्या प्रयागराज येथे, आले. खेड्यापाड्यांतून सुवार्ता सांगत फिरावे अशी त्यांची इच्छा होती. पण मिशनने त्यांना कॉलेजात अर्थशास्त्र शिकवावयास नेमले. यमुनेपलीकडील नैनी येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमाचे कामही त्यांच्याकडे आले.

वर्गात दारिद्र्याची कारणे शिकवावी आणि वर्गाबाहेर पाऊल टाकताच तेच दारिद्र्य पाहावे, असे चालले होते. राबणाऱ्या शेतकऱ्याच्या घरीच अन्न नाही, हे त्यांच्या मनाला लागून राहिले. ही भूक दानाने हटणार नाही, तिचे मूळ मातीत आहे, असे त्यांनी ओळखले. १९०९ साली ते अमेरिकेस परतले आणि स्वतः शिक्षक असूनही ओहायो येथे पुन्हा विद्यार्थी होऊन शेतकी शिकले. १९११ साली ते पदवी व देणग्या घेऊन आले. नैनी येथील शेतकी संस्थेचे स्थापनावर्ष १९१० मानतात.

मिशनऱ्याने बायबल सोडून नांगर धरावा काय, असे विचारणारे त्या काळी मिशनच्या वर्तुळातही होते. साहेबांना त्यात विरोध दिसत नव्हता. भुकेल्या बंधूस भाकरी मिळविण्याचा मार्ग दाखविणे हीही प्रभूचीच सेवा, असे ते मानीत. १९२१ साली निघालेल्या आपल्या पुस्तकाच्या नावातच त्यांनी शुभवर्तमान व नांगर ही जोडी लावली.

संस्थेस मिळालेली जमीन सुमारे २७५ एकर होती. पण ती कसली! कस गेलेली, कांसाने व्यापलेली, पावसाच्या लोंढ्यांनी घळी पाडलेली. लाकडी नांगर अशा रानात वरवर ओरखडतो; मुळांचे तुकडे होतात आणि तुकड्यांतून नवे कोंब येतात. म्हणून उन्हाळ्यात लोखंडी नांगराने खोल नांगरट करावयाची, मुळ्या उलथून वर आणावयाच्या व ज्येष्ठाच्या उन्हात वाळू द्यावयाच्या, असा मार्ग धरला गेला.

लोखंडाने जमीन नासते, अशी भीती तेव्हा पुष्कळांस वाटे. ज्या वर्षी साहेब हिंदुस्थानात आले त्याच सुमारास बेळगावी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केले, त्यांनाही हाच अनुभव आला. भीती अगदीच खोटी नव्हती. मात्र दोष लोखंडाचा नव्हे. रान साफ करून जमीन उघडी टाकली, तर पहिल्याच पावसात वरची कसदार माती वाहून जाते. म्हणून नांगराबरोबर बांधही हवेत. नैनीस घळींच्या तोंडाशी बांध घातले, त्यांमागे गाळ साचू दिला, खत घातले. शेण जाळू नये, ते शेतात जावे, यावर साहेबांचा कटाक्ष होता. गुरे मोकळी सोडल्याने कुरण ओरबाडले जाते; म्हणून हिरवा चारा खड्ड्यात दाबून टंचाईच्या दिवसांसाठी राखण्याची रीत ते शिकवीत. हे काम एका हंगामाचे नव्हते. वर्षांमागून वर्षे ते चालले.

या कामाची कीर्ती ग्वाल्हेरास पोहोचली. महाराज माधवराव शिंदे यांच्या राज्यात १९१६ पासून १९१९ पर्यंत साहेबांनी शेतकी खात्याचे संचालकपद सांभाळले. चंबळेकाठचे बेहड ज्या राज्यात, त्याला वाहून जाणाऱ्या मातीचे मोल निराळे सांगावयास नको. खेड्यांच्या सुधारणेविषयी महात्मा गांधींनीही त्यांचा सल्ला विचारला होता. १९३९ साली अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळीने त्यांना आपल्या महासभेचे मॉडरेटर निवडले. नांगराबद्दल शंका घेतली गेली होती, त्याच नांगरधाऱ्यास हा मान मिळाला. चाळीस वर्षांहून अधिक सेवा करून ते अमेरिकेस परतले व १९५८ साली प्रभूकडे गेले. नैनीची संस्था आज विद्यापीठ असून त्यांचेच नाव धारण करते.

या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? प्रभूने एका झाडून स्वच्छ केलेल्या पण रिकाम्या घराचा दाखला दिला, तो आम्हांस येथे आठवतो. घर रिकामे राहिले, म्हणून पहिल्यापेक्षा वाईट वस्ती तेथे आली. रानाचेही तसेच आहे. कांस उपटणे हे अर्धेच काम. बांध, खत व पीक हे उरलेले अर्धे. शब्बाथशाळेत एखादे मूल वाईट संगत किंवा खोटे बोलणे सोडते, तेव्हा आम्ही शिक्षक समाधानाने घरी जातो. पण त्या मोकळ्या झालेल्या जागेत आम्ही काय पेरले? गाण्याच्या तालमीला त्याला बोलाविले काय? एखादे काम त्याच्यावर विश्वासाने सोपविले काय? पुढल्या रविवारी वर्गात जाण्यापूर्वी आम्ही प्रत्येकाने एका मुलाचे नाव मनात धरून एवढे स्वतःस विचारावे.